पळसाच्या पानातला चमकता भुंगेरा: पोखरलेल्या पानापासून खात्रीच्या नोंदीपर्यंत

दर पावसाळ्यात मला एकाच प्रकारचे फोटो येतात. पानावर बसलेला तीन-चार मिलिमीटरचा, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा चमकणारा भुंगेरा, आणि खाली एक ओळ: 'खाद्यवनस्पती: तूर', 'खाद्यवनस्पती: चिकणा', 'खाद्यवनस्पती: पळस'. भुंगेरा बहुतेक वेळा बरोबर ओळखलेला असतो. झाडाचं नाव मात्र तो त्या क्षणी जिथे टेकला होता तिथलं असतं. अशा नोंदी एकदा यादीत शिरल्या की बाहेर निघत नाहीत. पुढचा माणूस त्या उतरवून घेतो, त्याचा पुढचा त्याच्यावरून घेतो, आणि जी अळी तुरीच्या पानात कधी जगलीच नाही तिच्या नावापुढे तूर कायमची चिकटते.

हा लेख ट्रॅकिस वंशाच्या भुंगेऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून पळस घेतला आहे, कारण मराठवाड्यात तो किनवट-माहूरच्या जंगलापासून बालाघाटाच्या माळापर्यंत भेटतो, आणि ट्रॅकिस बायकलर ही जात त्याची पानं पोखरते हे आधीपासून माहीत आहे. बाभळीवरचा मोठा हिरवा भुंगेरा मुलं काडेपेटीत घालून ठेवतात, तो आणि हा एकाच ब्युप्रेस्टिडी कुळातले. फरक असा की या लहानग्याची अळी लाकडात जात नाही. ती पानाच्या वरच्या आणि खालच्या कातडीच्या मधला हिरवा गर खात वाढते, तिथेच कोषात जाते आणि तिथूनच भुंगेरा होऊन बाहेर पडते. म्हणजे तिचं अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचं सगळं आयुष्य एका पानाच्या जाडीत मावतं. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

नोंदीचे तीन दर्जे डोक्यात पक्के ठेवा. भुंगेरा पानावर बसलेला दिसला, हा सगळ्यात हलका पुरावा. भुंगेरा पानाची कड कुरतडताना दिसला, हा त्याहून बरा. पण भुकेला भुंगेरा शेजारच्या पानालाही तोंड लावू शकतो. पानाच्या आत अळी वाढली, कोष झाला आणि त्याच पानातून भुंगेरा निघाला, हा खरा पुरावा. 'खाद्यवनस्पती' हा शब्द फक्त या तिसऱ्या दर्जाला लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा १: आधी झाड, मग किडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या सगळ्यात उशिरा कळतात. किड्याच्या नादात झाडाची ओळख 'नंतर बघू' म्हणून सोडली जाते. नंतर हातात फक्त सुकलेलं, अर्धं खाल्लेलं पान उरतं.

पळस म्हणजे तीन पानं, हे आपल्याला म्हणीनेच शिकवलंय. पण ती तीन पानं नसतात. एका देठावरच्या त्या तीन पर्णिका असतात आणि तिन्ही मिळून एक पान होतं. नोंदीत याने मोठा घोळ होतो. कुणी लिहितं 'तीस पानांपैकी सहा पोखरलेली', आणि त्याने मोजलेल्या असतात पर्णिका. काय मोजलं ते वहीच्या पहिल्याच ओळीत लिहा. मी पर्णिका मोजतो आणि तसं लिहितो.

त्रिदल पान दिसलं की पळस, असंही नाही. पांगाऱ्याचं पानही त्रिदल असतं, आणि बांधावरच्या लहान रोपांत दोघांची गफलत सहज होते. पांगाऱ्याच्या खोडावर आणि फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात. पळसाची मधली पर्णिका रुंद, टोकाला बोथट, आणि बाजूच्या दोन्ही तळाशी तिरक्या असतात. पान चामड्यासारखं जाड, खालच्या बाजूने शिरा उठून आलेल्या. दाट जंगलात पळसवेलही भेटू शकते. तिचं पान पळसाच्या पानाचं मोठं भावंड शोभावं असं असतं, पण ती वेल आहे, झाड नाही. म्हणून मान वर करून खोड पाहा. नुसतं पान पाहून निर्णय देऊ नका.

पळसाऐवजी चिकणा, पेटारी, चुंच, रानभेंडी असल्या लहान वनस्पतींवर काम करत असाल तर फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवाच. चिकण्याच्या दोन-तीन जाती एकाच धुऱ्यावर शेजारी-शेजारी उगवतात, आणि नुसत्या पानावरून त्या सांगता येत नाहीत.

तपासणी: झाडाचं नाव तुम्ही किड्याकडे न बघता सांगू शकता का? 'यावर हा भुंगेरा आहे म्हणजे हा पळसच असणार' असा विचार मनात आला असेल तर थांबा आणि झाड पुन्हा पाहा.

## टप्पा २: वेळ आणि सामान

पळस माघ-फाल्गुनात निष्पर्ण होऊन फुलतो आणि चैत्र-वैशाखात नवी पालवी धरतो. शोध घ्यायचा तो पालवी पुरती पसरून हिरवी झाल्यावर. माझा अनुभव असा की आषाढाच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ सगळ्यात कामाचा. कडक मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, तोडलेलं पान काही तासांत कुरकुरीत होतं. त्या दिवसांत पान घरी आणण्याच्या भानगडीत पडू नका.

दिवसातली वेळ सकाळची. ऊन चढलं की भुंगेरे चपळ होतात, आणि सावली पडताच पाय पोटाशी ओढून घेऊन बीसारखे खाली टपकतात. गवतात पडलेला तीन मिलिमीटरचा काळा ठिपका पुन्हा सापडत नाही. म्हणून फांदीखाली आधी उलटी छत्री धरायची, मगच फांदीला हात लावायचा.

सामान साधं आहे. सोनार वापरतात तसं दहापट भिंग, कागदी लिफाफे, शिसपेन्सिल, मिलिमीटरची पट्टी, जुन्या मलमलच्या धोतराच्या किंवा बारीक मच्छरदाणीच्या शिवलेल्या पिशव्या, सुतळी, कापूस, इंजेक्शनच्या धुतलेल्या रिकाम्या कुप्या आणि झाकणाचे दोन-चार डबे. पेनऐवजी पेन्सिल, कारण पावसात पेनची शाई पसरते आणि अल्कोहोलमध्ये तर पूर्ण निघून जाते.

सावधान: गौताळा-औट्रमघाट, येडशी रामलिंगघाट, नायगाव मयूर अशा अभयारण्यांत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथे लागू आहे आणि 'अभ्यासासाठी' हे उत्तर चालत नाही. सुरुवात आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या बांधावरून करा. पळस तिथेही आहे.

## टप्पा ३: पान उन्हाकडे धरून वाचणे

पोखरलेल्या भागाला मी पुढे नुसतं 'पोखर' म्हणणार आहे. ट्रॅकिसची पोखर नागमोडी रेघ नसते. ती पसरट डाग असते, सुरुवातीला लहान आणि पुढे फोडासारखी रुंदावत जाणारी. वरून फिकट हिरवी, मग पिवळसर, शेवटी तपकिरी आणि कागदासारखी.

पुढचा क्रम चुकवू नका.

१) पान झाडावरच असू द्या. खालून उन्हाच्या बाजूने पाहा, म्हणजे प्रकाश पानातून तुमच्याकडे येईल. खरी पोखर असेल तर डाग उजळ दिसतो, कारण मधला गर गेलेला असतो. करप्याचा डाग आरपार गडद दिसतो. बुरशीच्या डागात कातडी आणि गर एकजीव सुकलेले असतात. पोखरीत दोन कातड्यांच्या मधे पोकळी असते, आणि बोटाच्या टोकाने हलकेच दाबलं तर ती खुळखुळल्यासारखी लागते.

२) अंड्याची जागा शोधा. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि माझ्या लेखी ती सगळ्यात मोलाची आहे. मादी पानावर एकेकटं अंडं घालते आणि त्यावर स्रावाचा थर चढवते. तो वाळून काळा, चकाकता, खवल्यासारखा ठिपका होतो. अळी अंड्याच्या तळातून थेट पानात शिरते, बाहेर येतच नाही. त्यामुळे ते काळं टरफल पोखरीच्या सुरुवातीला चिकटून राहतं, कधीकधी पोखर जुनी होऊन सुकली तरी. भिंगाखाली ते लाखेच्या थेंबासारखं दिसतं. ते सापडलं की अर्धं काम झालं.

३) अळी पाहा. उन्हाकडे धरलेल्या पानात ती सावलीसारखी दिसते: चपटी, बिनपायाची, डोक्यामागचा भाग रुंद आणि मागे निमुळती. डोकं त्या रुंद भागात ओढून घेतलेलं असतं. विष्ठाही आतच साठते, म्हणून पोखरीत काळपट कण किंवा तुकडे दिसतात.

४) जिवंत की मेलेली? दोन मिनिटं पाहत राहा. जिवंत अळी कातडीला टेकून किंचित सरकते. आतली सावली सुकलेली आणि वाकडी झाली असेल तर ती मेली आहे.

सावधान: पोखर फोडू नका. 'जरा आत बघूया' म्हणून नखाने कातडी उचलली की आतली ओल जाते आणि अळी मरते. ती दुसऱ्या पानात जाऊन पुन्हा सुरुवात करू शकेल असं धरू नका. फोडून पाहायचंच असेल तर त्यासाठी एक वेगळी पर्णिका ठेवा, आणि त्या अळीची नोंदही वेगळी ठेवा.

## टप्पा ४: बाकीच्या नागअळ्या बाजूला काढणे

आपल्या शिवारात पान पोखरणारे जीव पुष्कळ आहेत आणि सगळ्यांना एकच नाव आहे, नागअळी. इथे फरक करायलाच हवा.

जालन्याकडे मोसंबीच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी वळणावळणाची रेघ दिसते. तिच्या मधोमध विष्ठेची बारीक ओळ असते आणि पानाची कड दुमडून कोष केलेला असतो. ती पतंगाची अळी. टोमॅटो, दोडका, एरंड यांच्या पानावरची पांढरी नागमोडी रेघ बहुतेक वेळा लिरिओमायझा माशीची. तिच्या अळीला वेगळं डोकंच नसतं, पुढचं टोक निमुळतं आणि त्यात काळे आकडे असतात, आणि पूर्ण वाढल्यावर ती पान सोडून कोषासाठी मातीत जाते. सोयाबीन-भुईमुगावरची अळी आधी पोखरते, मग पानं एकमेकांना चिकटवून आत बसते. तीही पतंगाचीच.

घोटाळा होतो तो दुसऱ्या भुंगेऱ्यांशी. हिस्पा गटातल्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्याही पसरट पोखर करतात. त्यांना छोटे का होईना, सहा पाय असतात आणि शरीराच्या कडांवर बोटांसारखे उंचवटे असतात. ट्रॅकिसच्या अळीला पाय नाहीत. पायांची खात्री होईपर्यंत वहीत वंशाचं नाव लिहू नका, 'भुंगेऱ्याची पसरट पोखर' एवढंच लिहा.

तपासणी: पसरट डाग, काळं टरफल, बिनपायाची चपटी अळी, आणि कोष पानातच. चारही जुळलं तर पुढे जा. तीन जुळलं तरी पुढे जा, पण चौथं का दिसलं नाही ते वहीत लिहा.

## टप्पा ५: फांदीवरच पिशवी बांधणे

बहुतेक जण लगेच पान तोडून घरी नेतात. मी ते करायचं सोडलं, आणि कारण सांगतो. पहिल्या वर्षी मी बावीस पर्णिका पॉलिथीनच्या पिशवीत भरून आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पिशवीला आतून पाणी सुटलं, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आली, आणि एकही भुंगेरा निघाला नाही. तेव्हापासून नियम ठरला: अळी खात असेतोवर पान झाडावर, कोष झाला की घरी.

पोखरीची पर्णिका मधे येईल अशी फांदी मलमलच्या पिशवीत घ्या. आधी पिशवीत शिरण्याजोग्या सगळ्या पानांवरून मुंग्या, कोळी आणि बाहेर फिरणारे भुंगेरे झटकून टाका. हे फार महत्त्वाचं आहे. एखादा भुंगेरा आत राहिला तर पुढे निघालेला भुंगेरा पोखरीतला की आधीचाच, हे सांगता येणार नाही आणि सगळी मेहनत दुसऱ्या दर्जावर घसरेल. तोंडाशी कापसाचा वेढा द्या आणि त्यावर सुतळी बांधा, म्हणजे मुंग्या शिरत नाहीत आणि सालही कापली जात नाही.

प्रत्येक पिशवीला एक क्रमांक. तो पिशवीवर कापडी पट्टीवर, वहीत आणि पानाच्या देठाला बांधलेल्या कागदावर, असा तीन जागी. दुसऱ्या वर्षी माझ्या दोन पिशव्यांचे आकडे पावसात धुऊन गेले आणि त्यातली एक पळसावरची, एक धामणीच्या झाडावरची होती. दोन्ही फेकाव्या लागल्या.

शेत दुसऱ्याचं असेल तर आधी बोला. "मामा, या फांदीला पिशवी बांधतोय, पंधरा-वीस दिवस तोडू नका," एवढं सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. पोळ्याच्या सुमारास पळसाची पानं आणि डहाळ्या तोडल्या जातात, ते लक्षात घेऊनच झाड निवडा. एका मामांनी मला विचारलं होतं, "हा किडा कपाशीवर जाणार तर नाही ना?" रास्त प्रश्न होता. पळसावरची ही जात कपाशीची कीड म्हणून ओळखली जात नाही, आणि पळसाला तिच्यामुळे डाग पडलेल्या पानांपलीकडे सहसा काही होत नाही. म्हणून फवारणीचा सल्ला देऊ नका, आणि कुणी देत असेल तर थांबवा.

दर तीन दिवसांनी जाऊन पान उन्हाकडे धरा. अळीची सावली आखूड आणि जाड झाली, हलणं थांबलं, पोखर वाढायची थांबली, की कोष झाला समजा. आणखी दोन दिवस जाऊ द्या आणि मग पान काढा.

## टप्पा ६: घरचा डबा

पर्णिका देठासकट कापा. देठाभोवती ओला कापूस गुंडाळा किंवा देठ पाण्याच्या कुपीत घालून तोंड कापसाने बंद करा. उघडी कुपी ठेवली तर बाहेर पडलेला भुंगेरा थेट पाण्यात जातो. हे माझ्यासमोर घडलं आहे.

डब्याच्या तळाशी टिपकागद, झाकणाला मोठं भोक आणि त्यावर मलमल. एका डब्यात एका झाडाचीच पानं. दोन वेगळ्या झाडांची पानं एका डब्यात कधीही ठेवू नका, कितीही डबे कमी पडले तरी. डबा खोलीच्या सावलीत ठेवा, खिडकीच्या उन्हात नाही. फ्रिजमध्येही नाही.

ओल किती ठेवायची याचं एकच माप मी पाळतो. सकाळी डब्याच्या भिंतीला आतून थेंब दिसले तर ओल जास्त झाली, दिवसभर झाकण काढून नुसती मलमल ठेवा. पर्णिकेची कड आत वळायला लागली तर कमी झाली, टिपकागदावर दोन-तीन थेंब सोडा. पानावर पाणी शिंपडू नका.

रोज एकदा पाहा आणि निदान महिनाभर डबा उचलून टाकू नका. लोक दहाव्या दिवशी कंटाळतात.

भुंगेऱ्याऐवजी डब्यात एक-दोन मिलिमीटरच्या, हिरव्या-निळ्या चमकेच्या गांधीलमाश्या निघाल्या, तर काम बिघडलं असं समजू नका. त्या अळीवर वाढणारे परजीवी आहेत. कोणत्या पोखरीतून निघाल्या ते लिहून त्याही जपा. पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या परजीवींवर आपल्याकडे काम करायला भरपूर वाव आहे.

## टप्पा ७: भुंगेरा निघाल्यावर

नवा भुंगेरा कातडी कुरतडून बाहेर येतो. कोषातून सुटल्यावर तो काही काळ पोखरीतच थांबतो, कारण अंग मऊ आणि रंग कच्चा असतो. त्याला बाहेर ओढू नका. कच्च्या अंगाचा नमुना सुकल्यावर चिमतो आणि रंगही खोटा दिसतो.

बाहेर आल्यावर एक दिवस ताजं पळसाचं पान द्या. तो कड कुरतडतो का ते पाहा, कुरतडल्याच्या खुणांचा फोटो घ्या. दुसऱ्या दर्जाचा पुरावा हातासरशी मिळतो.

फोटो काढायचे ते असे: वरून, बाजूने, समोरून डोक्याचा, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक. पाठीवरचे पांढरट किंवा सोनेरी केसांचे पट्टे ओळखीला लागतात. म्हणून प्रकाश बाजूने, तिरका हवा. सरळ फ्लॅश मारला की धातूची चमक सगळं गिळून टाकते. घरातल्या ट्यूबलाइटपुढे पांढरा पातळ कागद धरला तर उत्तम प्रकाश मिळतो. रिकाम्या पोखरीचा फोटोही काढा, बाहेर पडल्याच्या भोकासह आणि काळ्या टरफलासह. ते तिन्ही एकाच चौकटीत आले तर फारच छान.

## टप्पा ८: जतन आणि चिठ्ठी

नमुना ठेवायचा का, हे तुम्ही ठरवा. माझं मत: एका झाडावरून, एका हंगामात, दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. बाकीचे त्याच झाडावर परत सोडा. पण एकही न ठेवता जातीचं नाव लिहू नका, कारण ट्रॅकिसच्या अनेक जाती फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. तज्ज्ञाला नराचं जननांग काढून पाहावं लागतं.

ठेवायचा भुंगेरा कुपीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. एवढ्या लहान किड्याला टाचणी टोचायची नाही. पोस्टकार्डाचा लहान त्रिकोण कापा, टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या डिंकाचा थेंब लावा, त्यावर भुंगेऱ्याची उजवी कूस टेकवा आणि टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूतून घाला. डिंक पोटाखाली पसरला तर तज्ज्ञाला काही दिसत नाही, म्हणून थेंब मोहरीपेक्षाही लहान हवा.

अळी ठेवायची असेल तर ती थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, काळी पडते. उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हातावरचा सॅनिटायझरचा जेल चालत नाही. रिकामी पोखरलेली पर्णिका वर्तमानपत्रात दाबून सुकवा आणि त्याच क्रमांकाच्या लिफाफ्यात ठेवा. पुष्कळ जण भुंगेरा जपतात आणि पान कचऱ्यात टाकतात. पान हा निम्मा पुरावा आहे.

चिठ्ठीवर हा क्रम ठेवा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि जागा (बांध, ओढा, माळ), अक्षांश-रेखांश, पोखर सापडल्याची तारीख, भुंगेरा निघाल्याची तारीख, झाडाचं नाव, आणि ते कुणी ओळखलं, पिशवीचा क्रमांक, तुमचं नाव. दोन तारखा वेगळ्या लिहायच्या आहेत. एकच तारीख लिहिली तर वाचणाऱ्याला ती कशाची ते कळत नाही आणि भुंगेरा कोणत्या महिन्यात मोकळा फिरतो याचा चुकीचा अर्थ निघतो.

सावधान: नमुना ओळखीसाठी परदेशात टपालाने पाठवू नका. जैवविविधता कायदा, २००२ खाली परवानगीचा प्रश्न येतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. फोटो आणि चिठ्ठीची प्रत घेऊन आधी तिथे विचारा.

## टप्पा ९: नोंद कशी लिहायची

खात्री जेवढी, तेवढंच लिहायचं. भुंगेरा नुसता दिसला असेल तर 'पळसावर बसलेला'. खाताना दिसला तर 'पळसाचं पान खाताना'. डब्यात निघाला तर 'पळसाच्या पानातून वाढवलेला'. जात पक्की नसेल तर 'ट्रॅकिस, जात अनिश्चित' हे पूर्ण आदराचं उत्तर आहे. पळसातून निघाला म्हणून बायकलरच, असं धरून चालायचं नाही. तसं केलं की नोंद स्वतःलाच पुरावा म्हणून उभी करते: झाडावरून जात आणि जातीवरून झाड. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सिद्ध झाल्या तरच त्या जोडीला किंमत आहे.

या भुंगेऱ्यांच्या बहुतेक जाती ठरावीक थोड्याच झाडांवर वाढतात. युरोपातला ट्रॅकिस मिनुटा प्रामुख्याने वाळुंजाच्या कुळातल्या झाडांची आणि काही मोजक्या इतर झाडांची पानं पोखरतो, तर त्याच वंशातल्या दुसऱ्या जाती भेंडी-अंबाडीच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. म्हणूनच न सापडल्याची नोंदही कामाची असते. ज्या पळसावर पोखर सापडली त्याच्या सावलीतला चिकणा, शेजारची पेटारी, ओढ्याकाठची धामण आणि जवळच्या वावरातली भेंडी, प्रत्येकाची पन्नास पानं उन्हाकडे धरून पाहा. काही नाही सापडलं तर 'पन्नास पानं पाहिली, पोखर नाही' असं तारखेसकट लिहा. सापडली तर पहिल्या टप्प्यापासून नवी पिशवी, नवा डबा, नवा क्रमांक.

सगळं झालं की फांदीवरच्या पिशव्या आणि सुतळ्या सोडवून आणा, एकही झाडावर राहू देऊ नका. पळसाची फांदी दिवाळीपर्यंत जाड होते आणि विसरलेली गाठ सालीत रुतून बसते.